खुन्नस नसताना

गेल्या हिवाळ्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका रात्रीत तीन गाड्यांच्या काचा फुटल्या. तिन्ही गाड्या भारतीयांच्या, त्यातली एक माझी. सकाळी सातच्या आत आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निकाल लागलासुद्धा: हेट क्राइम, म्हणजे द्वेषातून केलेला गुन्हा. न्यू जर्सीत इतकी वर्षं काढली, पण पोलिसांना फोन करून हा शब्द उच्चारायची माझी पहिलीच वेळ. आलेल्या पोलिसाने वही काढून विचारलं, कुणी काही बोललं का? काही लिहून ठेवलंय का? काही चोरीला गेलंय का? मग टॉर्च घेऊन तो पार्किंगभर फिरून आला. मागच्या रांगेत चौथी गाडीही फुटली होती, एका गोऱ्या आजींची. त्यांना अजून पत्ताच नव्हता. चारही गाड्यांतून सुटी नाणी आणि चार्जर गेले होते. भुरटी चोरी, बाकी काही नाही.

दोनेक महिन्यांनी सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या माणसाने काच खाली करून मला आपल्या देशात चालतं व्हायला सांगितलं, वर दोन शिव्या. त्याच्या बोलण्यात द्वेष काठोकाठ भरला होता, पण गुन्हा नव्हता. अमेरिकेत नुसतं बोलणं, कितीही घाणेरडं असलं तरी, सहसा गुन्हा ठरत नाही. धमकी दिली तर गोष्ट वेगळी.

हे मी आमच्या भावंडांच्या ग्रुपवर लिहिलं आणि भांडण ओढवून घेतलं. तिथे हा शब्द रोज फेकला जातो. एक आतेभाऊ एका बातमीला हेट क्राइम म्हणतो, लगेच दुसरा विचारतो, मग त्या दुसऱ्या गावातल्या खुनाला का नाही? तेव्हा कुठे होतास? मेलेल्याचा धर्म पाहून आपण शब्द वापरायचा की नाही ते ठरवतो. निम्मा घोळ मला शब्दातलाच वाटतो. ‘द्वेष’ म्हटलं की आपल्याला माणसाचा माणसावरचा राग दिसतो, बांधावरून, पैशावरून, जुन्या अपमानावरून आलेला. त्याला आपल्याकडे चांगला शब्द आहे, खुन्नस. आणि हेट क्राइम म्हणजे नेमकं खुन्नस नसताना केलेलं कृत्य. समोरचा कोण, त्याचं नाव काय, याच्याशी देणंघेणं नाही. तो ‘त्यांच्यातला’ आहे एवढं पुरतं.

इथला कायदा भावना मोजतच नाही, तो निवड पाहतो. विस्कॉन्सिनमधल्या केनोशा गावात 1989 साली काही काळ्या तरुणांनी रस्त्याने जाणाऱ्या चौदा वर्षांच्या गोऱ्या मुलाला, तो गोरा आहे म्हणून, बेशुद्ध होईपर्यंत मारलं. म्होरक्याला एरवी जास्तीत जास्त दोन वर्षं झाली असती. वंश पाहून सावज निवडलं म्हणून चार वर्षं झाली. 1993 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही वाढीव शिक्षा एकमताने उचलून धरली. हा कायदा फक्त अल्पसंख्याकांचे लाड करायला आहे असं म्हणणाऱ्या माझ्या भावाला मी हा खटला वाचायला पाठवला. अजून निळी टिक आलेली नाही.

आता पुण्याचं पाहा. जून 2014 मध्ये हडपसरला जमावाने एका मुस्लिम आयटी कर्मचाऱ्याला मारून टाकलं. निमित्त होतं फेसबुकवरच्या पोस्टचं. त्याचा त्या पोस्टशी संबंध नव्हता. जानेवारी 2017 मध्ये उच्च न्यायालयाने काही आरोपींना जामीन देताना म्हटलं की त्यांचं मृताशी वैयक्तिक वैर नव्हतं, तो दुसऱ्या धर्माचा होता एवढाच त्याचा दोष, आणि ही बाब आरोपींच्या बाजूने धरली. मी ते दोनदा वाचलं. ज्या कारणाने केनोशात शिक्षा दुप्पट झाली, त्याच कारणाने पुण्याच्या खटल्यात जामीन मिळाला! सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये तो आदेश रद्द केला, हे खरं. पुढे 2023 मध्ये सत्र न्यायालयात आरोपी निर्दोष सुटले, पण तो पुराव्याचा प्रश्न. मला त्या जामिनामागचा विचार खुपतो, कारण तो फक्त त्या न्यायालयाचा नाही. ‘पोरं भडकली होती’ हे आपण घरातही म्हणतो.

आणि ही कल्पना आपल्याला परकी आहे असंही नाही. 1989 चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा दुसरं काय आहे? खैरलांजीत 2006 मध्ये भोतमांगे या दलित कुटुंबातले चौघे मारले गेले, आणि भंडाऱ्याच्या न्यायालयाने 2008 मध्ये सहा जणांना फाशी सुनावूनही अ‍ॅट्रॉसिटी लावली नाही: हा सूड, जातीमुळे नव्हे. पुन्हा खुन्नसच. तेव्हा मोठ्या गुन्ह्यांच्या कलमात अट होती की पीडित त्या जातीचा आहे ‘या कारणावरून’ गुन्हा घडला पाहिजे. ते सिद्ध करायचं कसं? मनात कोण शिरणार? जानेवारी 2016 पासून शब्द बदलले, जात ‘माहीत असून’ गुन्हा केला तरी पुरे. गावात जात कुणाला माहीत नसते?

न्यू जर्सीत नेमकं उलटं झालं. इथल्या कायद्यात, आपण ‘त्यांच्यातले’ म्हणून आपल्याला निवडलं असं पीडिताला रास्तपणे वाटलं तरी पुरे, असा एक तुकडा होता. 2015 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो काढून टाकला. दुसऱ्याच्या समजुतीवरून कुणाला गुन्हेगार ठरवता येणार नाही, असं म्हणून. आमच्या ग्रुपच्या सकाळी सातच्या निकालानंतर मला ते पटतं. खैरलांजी आठवली की तितकंसं पटत नाही.

नव्या भारतीय न्याय संहितेत कलम 103(2) आलंय: पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात वा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणावरून खून केला तर फाशी किंवा जन्मठेप. यादीत ‘धर्म’ हा शब्द सरळ लिहिलेला नाही, आणि चौघांनी मारलं तर हे कलम नाही. मला शिक्षेपेक्षा मोजणीची जास्त पडली आहे. देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या एनसीआरबी या सरकारी संस्थेच्या अहवालात दलित-आदिवासींवरच्या अत्याचारांचे आकडे वेगळे असतात. धर्म पाहून, प्रांत पाहून केलेल्या मारहाणीचा वेगळा रकाना नाही. ती साध्या मारहाणीत जमा.

इथेही तो रकाना आयता मिळाला नव्हता. 2012 मध्ये विस्कॉन्सिनमधल्याच ओक क्रीकच्या गुरुद्वारात गोळीबार झाला तेव्हा एफबीआयच्या आकडेवारीत शिखांविरुद्धच्या गुन्ह्यांची वेगळी नोंदच नव्हती. हिंदूंविरुद्धच्या गुन्ह्यांचीही नव्हती. दोन्ही 2015 पासून सुरू झाल्या.

माझ्या फुटक्या काचेच्या नोंदीत पोलिसाने हेट क्राइमच्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं. ते मी खांद्यावरून डोकावून पाहिलं.