ऑफाचा बांध म्हणजे नुसता ढिगारा नव्हे

एका लेखात ऑफाच्या बांधाला ‘मातीचा लांबलचक ढिगारा’ म्हटलंय, ते मनाला लागलं. आठव्या शतकात मर्सियाच्या (आजच्या मध्य इंग्लंडातलं जुनं राज्य) ऑफा राजाने तो वेल्सच्या सरहद्दीवर घातला. वेल्सच्या अंगाला चर खणायचा आणि निघालेली माती पूर्वेला रचायची, म्हणजे पलीकडून येणाऱ्यापुढे आधी खड्डा, मग उभी चढण. जागाही अशा हेरल्यात की वरून पश्चिमेचा मुलूख लांबवर दिसतो. संरक्षित स्मारक असूनही २०१३ मध्ये वेल्समधल्या चर्क गावाजवळ त्याचा एक तुकडा यंत्राने सपाट केला गेला. करणाऱ्याला हे स्मारक असल्याचं ठाऊक होतं, हे सिद्ध करता येईना. खटला उभाच राहिला नाही! वेल्सने २०१६ च्या कायद्यात ही पळवाट आवळली, फार बरं केलं. गवताखालच्या बांधावर ठळक पाट्या मात्र हव्यातच.