क्रिस, कांपिलान आणि भीमाची भट्टी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. फिलिपीन्सच्या मोरो तलवारींवरच्या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा कळलं की एका मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे.

तोच आधी. २७ एप्रिल १५२१ला फिलिपीन्समधल्या माक्तान बेटावर तिथला सरदार लापुलापू याने कांपिलान या लांब तलवारीने दर्यावर्दी मॅगेलनला मारलं, असं मी लिहिलं होतं. मॅगेलनबरोबर असलेला, सफरीचा वृत्तांत लिहिणारा पिगाफेत्ता या प्रसंगात कांपिलानचं नावही घेत नाही. डाव्या पायावर मोठ्या, बाकदार तलवारीसारख्या पात्याचा वार बसला, एवढंच तो लिहितो. वार करणाऱ्याचं नाव देत नाही. पुतळे आणि चित्रं बघून मी वाहवलो. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण ‘क्रिस म्हणजे जावाचा नागमोडी खंजीर, मोरोंच्या (दक्षिण फिलिपीन्समधल्या मुसलमानांच्या) तलवारीला ते नाव चुकीचं’ हे तुमचं म्हणणं काही पटलं नाही. जावातले कितीतरी क्रिस सरळ पात्याचेच असतात. आपला पट्टा सरळ आणि धोपही सरळ, म्हणून दोन्ही एक होतात का? पट्टा ओळखायचा तो कोपरापर्यंत हात झाकणाऱ्या मुठीवरून. तसा क्रिस ओळखायचा बुंध्यावरून: पातं तिथे एका बाजूला जास्त रुंद होतं आणि त्यावर ‘गंजा’ नावाची आडवी पट्टी बसते. दक्षिण फिलिपीन्सच्या मिंदानाओ-सुलू बेटांकडच्या जुन्या ‘कालिस’मध्ये, म्हणजे मोरो क्रिसमध्ये, हे सगळं आहे. मलय लोक त्याला ‘सुंदांग’ म्हणतात.

फरक आहे तो वापरात. जावाचा क्रिस भोसकायला, म्हणून मुठीत जाणारं त्याचं शेपूट बारीक आणि गोल. मोरो क्रिस तोडायला. शेपूट गोल ठेवलं तर वार बसताच पातं मुठीत फिरेल, म्हणून ते चौकोनी. वर पातं मुठीला जखडून ठेवणारी धातूची पट्टी, ‘आसांग-आसांग’. पुढे विसाव्या शतकात गंजा वेगळा घडवणं सुटलं, नुसती रेघ कोरू लागले. जुनं-नवं ताडताना संग्राहक आधी हा सांधा बघतात.

बारोंग आणि कांपिलान मात्र मोरो असूनही क्रिस नव्हेत. बारोंग पानाच्या आकाराचा. कांपिलान लांब, एकधारी, टोकाकडे रुंदावणारा, मूठ जबडा वासल्यासारखी. ‘मोरो’ हे तर स्पॅनिशांनी मुसलमानांना दिलेलं नाव. त्यावरून माणसांचा धर्म कळतो, हत्याराचं कूळ नाही.

राहिला तुमचा ‘क्रिस मूळ भारतीयच’ हा दावा. जावातल्या सुकुह मंदिरात पंधराव्या शतकातलं एक शिल्प आहे: भीम लोहारकाम करतोय, मध्ये गणपती नाचतोय, पलीकडे अर्जुन भाता चालवतोय. पात्रं आपली, कबूल. पण तो भाता नीट बघा. आपल्या लोहाराचा कातडी भाता नाही तो. दोन उभी नळकांडी आहेत आणि अर्जुन दोन्ही हातांनी दट्टे ओढतोय.