तिला ठाऊक होतं की नव्हतं?

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या कट्ट्यावर पुस्तकांवरून सहसा भांडण होत नाही. भांडायला खोदलेले रस्ते आहेत, क्रिकेट आहे, कुणाच्या तरी मुलाचं जमत नसलेलं लग्न आहे. पण वाचनालयातून आणलेली एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी बरेच दिवस आमच्यात हातोहात फिरत होती, आणि परवा ती वाचून संपवलेले सगळे एकाच संध्याकाळी जमले. कादंबरीचं नाव लिहीत नाही. पुढे शेवट फोडणार आहे, उगाच शिव्याशाप कशाला घ्या.

गोष्ट थोडक्यात अशी. पानिपतावर गेलेला माळव्यातला एक तरुण शिलेदार परत येत नाही. चारेक वर्षांनी दाढी वाढलेला, गालावर वाराची खूण असलेला एक माणूस वाड्याच्या दारात उभा राहतो आणि सासूला ‘आई’ म्हणून हाक मारतो. सासूला दिसत नाही. जुनं कुत्रं मेलेलं असतं, नवं सगळ्यांवरच भुंकतं. हा माणूस खरा नवरा नसतोच. नवऱ्याबरोबर अफगाणांच्या कैदेत राहिलेला, त्याच्या तोंडून घरची बारीकसारीक हकीकत ऐकलेला तो दुसराच शिपाई. मग प्रेम, मूल, भाऊबंदांचा दावा, दरबार आणि उलगडा.

सुरुवात बंटीने केली. आमच्यात वयाने सगळ्यात लहान, कोचिंगमध्ये गणित शिकवतो, आणि त्याला प्रत्येक गोष्टीची सिद्धता लागते.

“फेकून राहिलाय लेखक, भिया,” तो म्हणाला. “चार वर्षांत माणूस इतका बदलतो? बायकोला नवरा ओळखू येत नाही म्हणजे काय? दुसऱ्याच दिवशी पकडला गेला असता.”

मास्तर इतिहासाचे. निवृत्त झाले तरी वर्ग घ्यायची सवय गेलेली नाही. त्यांनी कचोरी बाजूला ठेवली, तेव्हाच आम्ही ओळखलं की आता लांबणार.

“तू आजचा नवरा डोळ्यापुढे ठेवतोयस,” ते म्हणाले. “त्या काळचा बघ. मुलीचं लग्न आठव्या-दहाव्या वर्षी. मग ती माहेरीच. वयात आल्यावर सासरी नांदायला जायची. नवरा शिलेदार, म्हणजे दसऱ्याला सीमोल्लंघन करून जो मुलुखगिरीला निघायचा तो पावसाळ्याच्या तोंडाला परत. पावसाळ्यातसुद्धा तो बाहेर ओसरीवर, ही आत माजघरात. चारचौघांत बोलायची सोय नाही, वडीलधाऱ्यांपुढे तोंडाकडे बघायची सोय नाही. रात्री जे काय दिसेल ते समईच्या उजेडात. पानिपताच्या मोहिमेला फौजा निघाल्या १७६० च्या मार्च महिन्यात, लढाई झाली १४ जानेवारी १७६१ ला. त्याआधीच्या वर्षांतले या नवराबायकोने एकत्र काढलेले दिवस मोजलेस तर किती भरतील? फोटो नाही, चिठ्ठी लिहायची तर लिहिता येत नाही. आणि तू म्हणतोस दुसऱ्या दिवशी!”

बंटी गप्प झाला. मला मास्तरांचा हा मुद्दा त्या सबंध संध्याकाळीतला सगळ्यात वजनदार वाटला. आपण ऐतिहासिक कादंबरी वाचताना तलवारी आणि पागोटी जुनी धरतो, पण संसार मात्र आपल्या फ्लॅटमधला कल्पतो. मग ‘शक्यच नाही’ म्हणून मोकळे होतो.

ग्वाल्हेरचे काका मूळचे लष्कर भागातले, मुलाकडे इंदूरला राहायला आलेले. त्यांना शिंद्यांचा विषय निघाल्याशिवाय चहा गोड लागत नाही. ते म्हणाले, “बायकोचं सोडा. अहो, अख्खं कोकण फसलं होतं!”

तोतयाची गोष्ट आम्हा सगळ्यांना अर्धी-अर्धी ठाऊक होती, काकांनी ती जुळवून सांगितली. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचं शव सापडलं, अंगावरच्या खुणांवरून ओळखलं गेलं, अग्नी दिला गेला, तरी लोकांचा विश्वास बसेना. मग बुंदेलखंडाकडचा सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण ‘मीच भाऊ’ म्हणून उभा राहिला. थोरल्या माधवरावांच्या काळात चौकशी होऊन खोटा ठरला, कैदेत पडला. पण माधवराव गेले, नारायणरावांचा खून झाला, पुण्यात घरचीच भांडणं पेटली, आणि रत्नागिरीच्या सुभेदाराने, रामचंद्र नाईक परांजप्याने, त्याला मोकळं सोडलं. बघता बघता त्याच्यामागे फौज उभी राहिली, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले. शेवटी महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी त्याचा मोड केला. तो पळाला तो आंग्र्यांच्या हाती लागला, आणि १७७६ च्या डिसेंबरात पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली.

“पंधरा वर्षांनी!” काका म्हणाले. “पंधरा वर्षांनी लोक मानायला तयार होते.”

“लोक मानत होते की लोकांना सोयीचं होतं?” वकीलसाहेबांनी विचारलं. “नाना फडणिसांवर राग असलेल्याला तो भाऊच दिसणार. सुभेदाराला काय चेहरा ओळखता येत नव्हता?”

इथे दहा-पंधरा मिनिटं मल्हारराव होळकर पानिपतावरून आधी निघाले त्यावरून जे नेहमीचं होतं ते झालं. इंदूरच्या कट्ट्यावर ग्वाल्हेरचा माणूस बसला की ते चुकत नाही. ते मी गाळतो. कादंबरीशी त्याचा संबंध नाही आणि दोन्ही पक्षांची वाक्यंसुद्धा आता पाठ झाली आहेत.

ताई इतका वेळ एक अक्षर बोलल्या नव्हत्या. कट्ट्यावर येणाऱ्या बायका मोजक्याच. ताई शाळेतून निवृत्त झाल्यापासून नियमाने येतात आणि वाचतात आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त. त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं. पानांत बसच्या तिकिटांच्या खुणा घातलेल्या.

“तुमचं सगळ्यांचं एकच चाललंय, ती फसेल की नाही फसेल. ती फसलीच नाहीये. नीट वाचलंय का कुणी?”

आणि त्यांनी तो गुळाचा प्रसंग काढला. तो आला त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं जेवण. ती वाढते आहे. ज्वारीची भाकरी, आमटी, कांदा. तो भाकरीचा तुकडा मोडतो आणि सहज विचारतो, गूळ आहे का? ती क्षणभर थांबते. तिच्या नवऱ्याला भाकरीशी गूळ चालत नसे, सासूने एकदा हौसेने वाढला तर त्याने ताट सरकवलं होतं. हे लेखकाने पन्नास पानं आधी सांगून ठेवलंय. ती काही बोलत नाही. आत जाते, गुळाचा खडा आणून ताटात ठेवते. दुसऱ्या दिवशी तो मागायच्या आत गूळ ताटात असतो. आणि सासू चाचपडत विचारते, हे काय वाढलंस गं, तेव्हा सून म्हणते, “लोणचं.”

ताईंनी तो ‘लोणचं’ शब्द वाचला आणि पुस्तक मिटलं. “हे खोटं ती कुणासाठी बोलली? सासूपासून काय लपवलं? तिला तिसऱ्या दिवशी कळलेलं आहे. आणि तिने ठरवलेलं आहे.”

मी तो प्रसंग वाचला होता, आवडलाही होता, पण ताईंनी लावला तसा अर्थ लागला नव्हता. आता वाटतं, सबंध कादंबरी त्या लोणच्यावर तोललेली आहे. इतकं नेमकं लिहिणाऱ्या माणसाने पुढे काय करावं? तर दरबारात सत्य बाहेर येतं तेव्हा नायिका ‘वीज पडावी तशी’ कोसळते. तिला म्हणे कल्पनाच नव्हती! मूर्च्छा, पाणी शिंपडणं, “दैवा, माझ्याशी असा का खेळलास” वगैरे अडीच पानं. मग जिने गूळ ठेवला ती कोण होती?

“बरोबर आहे ना मग,” बंटी म्हणाला, “दरबारात ‘मला ठाऊक होतं’ म्हणाली असती तर तिची काय गत झाली असती? नाटक करून राहिली असेल.”

“तर लेखकाने तसं दाखवावं,” ताई म्हणाल्या. “तिच्या मनातलं पान लिहिलंय त्याने. मनातसुद्धा ती नाटक करते का?”

वकीलसाहेबांना इथे राहवेना. त्यांनी ढाक्याचा भवाल खटला काढला. तो त्यांना तोंडपाठ आहे. भवालचे मधले राजकुमार रमेंद्र नारायण रॉय १९०९ मध्ये दार्जिलिंगला वारले, अंत्यसंस्कार झाले असं सांगितलं गेलं. बारा वर्षांच्या आत ढाक्यात राख फासलेला एक संन्यासी प्रकटला. बहिणीने भाऊ म्हणून ओळखला, रयतेने राजा म्हणून मानला. बायको, विभावती देवी, शेवटपर्यंत म्हणत राहिली की हा माझा नवरा नव्हे. हजाराच्या वर साक्षीदार तपासले गेले. १९३६ ला ढाक्याच्या कोर्टाने संन्याशाच्या बाजूने निकाल दिला, तो कलकत्त्याला टिकला, १९४६ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्येही टिकला, आणि त्यानंतर लगेचच तो माणूस वारला.

“म्हणजे कोर्ट म्हणतं नवरा आहे, बायको म्हणते नाही,” वकील म्हणाले. “आणि शरीराच्या खुणा, तीळ, जुने व्रण, सगळं तपासून कोर्ट म्हणतं. बायकोची साक्ष हा पुरावा नाही, तो एक पक्ष आहे. कादंबरीतल्या बाईचाही पक्ष आहे. तो लिहायची लेखकाची हिंमत झाली नाही, एवढाच मुद्दा.”

मला मार्टिन गेरचा खटला आठवला, तो मी सांगितला. फ्रान्समधल्या आर्तिगा गावातला शेतकरी १५४८ मध्ये घर सोडून गेला. आठ वर्षांनी एक जण तोच म्हणून आला, तीनेक वर्षं बायकोबरोबर नांदला, मुलं झाली. जमिनीच्या हिशेबावरून चुलत्याशी बिनसलं आणि मग तो खोटा असल्याची ओरड झाली. १५६० मध्ये तुलूजच्या कोर्टात तो जवळजवळ सुटणार होता, इतक्यात खरा मार्टिन लाकडी पाय टेकत हजर झाला. तोतयाला त्याच घरासमोर फाशी दिलं. बायको बेर्त्रांद निर्दोष ठरली, फसवली गेली म्हणून. तिला खरंच कळलं नव्हतं का, यावर अजून अभ्यासक भांडतात.

“फसवली गेली म्हणाली म्हणून वाचली,” ताई म्हणाल्या. “न्यायाधीशांना ते परवडत होतं. लेखकाला कुठे फाशी होणार होती?”

आता शेवट. या माणसाने, म्हणजे लेखकाने, शेवटच्या वीस पानांत एका म्हाताऱ्या कुळंबिणीकडून वदवून घेतलंय की तोतया शिपाई हा मयत शिलेदाराचा सावत्र भाऊ, वडिलांच्या दुसऱ्या घरचा. रक्त तेच, घराणं तेच, सगळं पावन. सासू आशीर्वाद देते, दरबार संपतो. लग्नाच्या पंगतीत मीठ जास्त पडलं म्हणून वरून साखर घालावी, तसा हा प्रकार. तीनशे पानं तो परका आहे म्हणून आपण धास्तीने वाचायचं, आणि शेवटी कळायचं की तो परका नव्हताच. मग तिने केलेल्या धाडसाचं काय राहिलं?

मास्तरांना मात्र शेवट खटकला नाही, त्यांना दरबार खटकला. निवाडा अहिल्याबाईंसमोर, इंदूरच्या राजवाड्यात! “मल्हारराव १७६६ मध्ये आलमपूरला वारले. अहिल्याबाईंनी कारभार केला तो महेश्वरहून. इंदूरला राजधानी आली १८१८ नंतर. इथे राहणाऱ्या वाचकाला हे वाचायला द्यायचं?” त्यांचं म्हणणं खरं आहे, पण ते ज्या जोरात म्हणाले त्यावरून त्यांना बाकी सगळं आवडलेलं असावं.

काका पार्वतीबाईंकडे वळले. भाऊंची पत्नी. पानिपतावर होत्या, जीव वाचवून परत आल्या, आणि नवरा गेला हे त्यांनी कधी मानलं नाही. १७८३ मध्ये वारल्या तोवर सवाष्ण म्हणूनच राहिल्या. “तोतयाला मान्य केलं असतं तर राज्य हलवू शकल्या असत्या,” काका म्हणाले. “वाट बघत होत्या तरीही केलं नाही.”

“तिची वाट एका माणसासाठी होती,” ताई म्हणाल्या. “या नायिकेची घरासाठी आहे, सासूसाठी आहे, शेतीसाठी आहे. दोघींना एका मापाने मोजू नका. ही काय पेशव्यांची सून आहे? भाऊबंद दाराशी टपलेत, घरात पुरुष नाही. तिला माणूस हवा होता, मिळाला, आणि तो बरा निघाला. मग तिने त्याच्यावर जीव लावला. याच्यात मला काही कमी वाटत नाही.”

यावर बंटीने जे विचारलं ते आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. “ते ठीक आहे ताई, पण त्या शिपायाची स्वतःची बायको? तोसुद्धा लढाईवर गेलेला माणूस. त्याच्याही घरी कुणी असेल ना?”

वकील म्हणाले, “तो दावा दाखलच झालेला नाही.”

ताईंनी पुस्तक परत उघडलं. कैदेतलं प्रकरण काढलं, बोट ओळीओळीवरून फिरवलं, आणि सापडलं. खरा शिलेदार रात्रभर घरच्या गोष्टी सांगतो, आणि हा ऐकणारा एकदाच बोलतो, “माझीही आहे एक, सागरच्या बाजूला.” एक ओळ. पुढे तीनशे पानांत तिचा उल्लेख नाही. लेखक विसरला म्हणावं तर गुळाचं पन्नास पानांनी आठवणारा माणूस हे विसरेल?

मास्तर म्हणाले विसरला. ताई म्हणाल्या मुद्दाम. काकांचं म्हणणं, दुसरा भाग येणार असेल. पुस्तक खरं तर आता काकांच्या सूनबाईंकडे जायचं होतं, पण ताईंनी ते पिशवीत टाकलं, पहिल्यापासून पुन्हा वाचते म्हणाल्या. परत करायची तारीख उलटून गेली आहे. दंड वकीलसाहेब भरणार आहेत, कारण कार्ड त्यांचं आहे.