नागपूरचा मे विसरलात

गच्चीवर बाग केली की भाजीचा खर्च वाचतो, असं तुमच्या लेखात म्हटलंय. थंडीपुरतं कबूल. पालक, मेथी, सांभार (कोथिंबीर) इतका येतो की शेजारीपाजारी वाटावा लागतो. पण नागपूरचा मे? पारा ४५ च्या वर गेला की काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत मुळं अक्षरशः शिजतात. हिरवी जाळी बांधा, पाणी ऊन चढायच्या आत घाला; तरी टोमॅटोची फुलं गळतातच. गवार, चवळी तेवढी तग धरते.

आणि कुलरच्या टाकीत उरलेलं पाणी झाडांना घालायची आपल्याकडे फार सवय. ते टाळा. पाणी उडून जातं, क्षार टाकीतच साचतात आणि मग मातीत उतरतात. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसला की समजायचं. वजनाचंही बघा: एक घनफूट ओली माती ४५-५० किलोच्या घरात जाते, म्हणून जुन्या स्लॅबवर मातीत निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा हलका भुसा) बरं. पावसाळ्यात कुंडीखालच्या ताटल्या दर आठवड्याला रिकाम्या करा, नाहीतर डेंग्यूचे डास.

माकडांवर उपाय मात्र कुणाला सापडला असेल तर खाली लिहा. आमच्या सेमिनरी हिल्सकडे वांगी लागायचाच अवकाश, टोळी हजर!