आधी लेटरहेड छापून घ्या

अल्पसंख्याक समाजाच्या आरोग्यासाठी दोन-चार संशोधन संस्थांना एकत्र आणताय? छानच. पण औषधापासून सुरुवात करू नका. आधी लेटरहेड छापा, रोगाचं नंतर बघू.

आदर्श नमुना अमेरिकेत आहे. 1932 साली अलाबामातल्या मेकन काउंटीत सरकारी आरोग्य सेवेनं टस्कीगी इन्स्टिट्यूटशी हातमिळवणी केली. टस्कीगी कृष्णवर्णीयांचीच संस्था, त्यामुळे 'स्थानिक सहभाग' हा रकाना आपोआप भरला. 600 कृष्णवर्णीय पुरुष घेतले, त्यांतल्या 399 जणांना सिफिलिस हा गुप्तरोग होता. उपचार न करता तो कसा वाढतो, एवढंच बघायचं होतं. त्यांना सांगितलं, रक्त खराब आहे. नाव सांगून उगाच घाबरवा कशाला?

आता कण्यातून पाणी काढून घ्यायला कुणी हौसेनं येत नाही. तिथे लेटरहेड कामाला येतं. वर काउंटी, राज्य, केंद्र आणि टस्कीगी अशी नावांची उतरंड, खाली ठळक अक्षरांत: खास मोफत उपचारांची ही शेवटची संधी! उपचार म्हणजे काय, तर सुई खुपसायची, पाणी तपासायला न्यायचं आणि माणूस घरी पाठवायचा.

देण्याघेण्यात मात्र हात आखडू नका. गरम जेवण द्या, गाडीनं ने-आण करा. अंत्यविधीला 50 डॉलर द्या, अर्थात घरचे शवविच्छेदनाला तयार असतील तरच. 25 वर्षं टिकलेल्यांना प्रमाणपत्र आणि वर्षाला 1 डॉलर या हिशेबानं 25 डॉलर! मध्येच हा रोग बरा करणारं पेनिसिलिन आलं, 1947 च्या सुमारास सर्रास मिळू लागलं, तरी डगमगू नका. रोगी बरे झाले तर अभ्यास कशाचा करणार? 1972 मध्ये पेपरात बातमी आली नसती तर अजून चाललं असतं. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली 1997 मध्ये. तोवर हयात होते 8 जण, म्हणजे निमंत्रणपत्रिकांचा खर्चही वाचला.

चाळीस वर्षं थांबायला वेळ नसेल, तर ग्रँड कॅन्यनमधल्या हवासुपाई जमातीकडे बघा. त्यांच्यात मधुमेह फार. 1990 पासून ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यासाठी त्यांचं रक्त नेलं. संमतीपत्रात 'वर्तन आणि वैद्यकीय विकार' असं ऐसपैस लिहिलेलं. मग त्याच रक्तावर स्किझोफ्रेनियाचा अभ्यास झाला, आपसातल्या लग्नांचा झाला, पूर्वज आशियातून आले हेही निघालं. (जमात म्हणते, आम्ही याच दरीतले. पण जमातीला कोण विचारतं?) कोर्टकचेरी होऊन 2010 मध्ये 41 जणांना मिळून 7 लाख डॉलर द्यावे लागले, उरलेलं रक्तही परत करावं लागलं.

तेव्हा तेवढी तरतूद आधीच करा. लेखाशीर्ष: लोकसहभाग.