लॉरियसबद्दलचा तो मेसेज पुढे पाठवू नका

नेरुळ-सीवूड्सच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘लॉरियस हा जागतिक क्रीडा पुरस्कार म्हणजे गोऱ्यांचा आपसातला कारभार. भारताला आजवर एकदाही दिला नाही, क्रिकेटला तिथे किंमत नाही, पैसे मोजले की नाव लागतं.’ 2 नोव्हेंबर 2025 च्या रात्री डी. वाय. पाटीलवर हरमनप्रीतने मागे धावत महिला वर्ल्डकप फायनलचा शेवटचा झेल घेतला, तेव्हा घसा बसेपर्यंत ओरडणारी माणसंच हा मेसेज पुढे ढकलतायत. त्यांचा अभिमान कळतो, पण त्या मेसेजमधला एकही दावा टिकत नाही.

‘एकदाही नाही’ म्हणे! फेब्रुवारी 2020 मध्ये बर्लिनला सचिनने लॉरियसची ट्रॉफी हातात घेतली, ती स्टीव्ह वॉच्या हातून. 2011 चा वर्ल्डकप जिंकल्यावर वानखेडेवर सहकाऱ्यांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं; तो क्षण 2000 ते 2020 या वीस वर्षांतला सर्वोत्तम ठरला. तो लोकांच्या मतांवर ठरला होता, म्हणजे आपल्यासारख्यांनीच तो निवडला.

त्याहून मोठी गोष्ट मेसेज लिहिणाऱ्याच्या गावीही नाही. 2019 मध्ये ‘स्पोर्ट फॉर गुड’ हा लॉरियस पुरस्कार झारखंडच्या ‘युवा’ संस्थेला मिळाला. खेड्यातल्या मुलींना फुटबॉल शिकवणारी, त्यांना शाळेत टिकवणारी ही संस्था. ज्या घरांत पोरीचं लग्न लवकर उरकण्याची घाई असते, तिथल्या मुली मोनॅकोच्या मंचावर उभ्या राहिल्या. त्याआधी 2014 मध्ये हाच पुरस्कार मुंबईत सुरू झालेल्या ‘मॅजिक बस’ला मिळाला होता. यांत कोणी स्टार नाही, म्हणून आपल्या ग्रुपवर यांचा फोटो कधी येत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

क्रिकेटचं म्हणाल, तर 2002 ला ‘वर्षातला सर्वोत्तम संघ’ ऑस्ट्रेलियाचा क्रिकेट संघच होता. विषय संपला.

पैशांचा मुद्दा जरा नीट बघू. लॉरियस डाइमलर आणि रिशमों या दोन बड्या कंपन्यांनी उभा केला, हे खरं. पण नावं कंपन्या काढत नाहीत. देशोदेशीचे क्रीडा पत्रकार मुख्य गटांसाठी नामांकनं ठरवतात, आणि त्यांतून विजेता निवडतात लॉरियस अकादमीचे सदस्य, म्हणजे स्वतः मैदान गाजवलेले माजी खेळाडू. आपले सचिन आणि कपिल देवही या अकादमीत आले. त्यांनाही विकत घेतलं, असं म्हणायचंय का?

वर्षातल्या सर्वोत्तम पुरुष वा महिला खेळाडूचा मान मात्र आपल्याकडे अजून आलेला नाही. पण दुसऱ्या गटांत नामांकनं झाली: 2019 ला विनेश फोगट (सर्वोत्तम पुनरागमन), 2022 ला नीरज चोप्रा (‘ब्रेकथ्रू’, म्हणजे वर्षभरात अचानक मोठी झेप घेणारा खेळाडू), 2025 ला ऋषभ पंत (सर्वोत्तम पुनरागमन). नीरजच्या वेळी पुरस्कार एमा रादुकानूला गेला. ती पात्रता फेरीतून आली होती आणि एकही सेट न गमावता यूएस ओपन जिंकली होती. टोकियोच्या सुवर्णाइतकंच तेही अचाट होतं. नीरजवर अन्याय झाला, असं मला तरी वाटत नाही.