पडद्यावर न येणारा कच्चा कैदी

लंडनहून मुंबईतील आप्तांशी बोलताना तुरुंगावरील चित्रपटांचा विषय निघाला की वाद एकाच प्रश्नापाशी घुटमळतो: असे चित्रपट गुन्हेगारांचे उदात्तीकरण करतात का? मला हा प्रश्न दुय्यम वाटतो. पडद्यावरचा कैदी, मग तो बराकीवर हुकमत गाजवणारा भाई असो वा पश्चात्तापाने पोळलेला खुनी, बहुधा दोषी ठरलेला असतो. प्रत्यक्षात २०२२ च्या अखेरीस भारतीय तुरुंगांतील ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ जण, म्हणजे दर चौघांतील तिघे, कच्चे कैदी होते: ज्यांच्या खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही असे.

या माणसांच्या अंगावर घरचेच कपडे असतात. पट्ट्यापट्ट्यांचा गणवेश आणि छातीवरचा क्रमांक त्यांच्यासाठी नसतो. दिग्दर्शकाला मात्र तो हवा असतो, कारण मग प्रेक्षकाला निकाल वेगळा सांगावा लागत नाही. जामीन मंजूर होऊनही जामीनदाराअभावी आत राहिलेला मजूर, ऐपतीच्या दाखल्यासाठी वणवण करणारी त्याची बायको, बंदोबस्ताला पोलीस नाहीत म्हणून हुकलेली तारीख, यांवर पटकथा क्वचितच लिहिली जाते. (मुंबईचा आर्थर रोड तुरुंग ज्या रस्त्यावर आहे त्याला आज साने गुरुजींचे नाव आहे आणि त्यांची ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली; तेव्हा कैदी म्हणजे गुन्हेगार हे समीकरण मराठी माणसाला एके काळी इतके सहज पटत नसावे.)

व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’मध्ये, औंध संस्थानातील स्वतंत्रपूरच्या खुल्या वसाहतीवरून प्रेरणा घेऊन, कैद्यातला माणूस दाखवला. त्याचे मोल मी कमी लेखत नाही. तरी तेथेही सहाही कैद्यांचा दोष आधीच सिद्ध आहे आणि प्रश्न केवळ सुधारण्याचा उरतो.

ब्रिटनमधील मालिकाही तुरुंगातील मारामाऱ्यांना सोकावलेल्या आहेत, आणि येथील तुरुंग काही आदर्श नाहीत. मात्र इंग्लंड व वेल्समध्ये निकालाच्या वा शिक्षेच्या प्रतीक्षेत असलेले बंदी अलीकडे सुमारे एकपंचमांश आहेत, त्यामुळे पडद्यावरचे चित्र वास्तवाशी निदान जुळते. शिवाय दोष सिद्ध होईपर्यंत त्यांचा मताधिकार शाबूत राहतो. आपल्याकडे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ६२(५) कच्च्या कैद्यालाही मतदानापासून रोखते, तर त्याच आरोपाखाली जामिनावर सुटलेला त्याचा शेजारी मत देऊन येतो. ही तफावत कोणाला फारशी खुपत नाही, याचे एक कारण मला चित्रपटांत दिसते: आत असलेला प्रत्येक जण दोषीच, असे पाहण्याची सवय त्यांनी लावली आहे, आणि उदात्तीकरणावर भांडणाऱ्या दोन्ही बाजू तेच गृहीत धरून बोलतात.